सगळ्याला चालतं, साहेब!

काही शब्दांची गंमत अशी असते, की ते कानावर पडले की आपले प्रश्न आपोआप बंद होतात. ‘घरगुती’ म्हटलं की मसाल्यात काय काय घातलंय हे आपण विचारत नाही. ‘आयुर्वेदिक’ म्हटलं की औषधाचा काही त्रास होईल का, हे विचारत नाही. आणि ‘युनिव्हर्सल’ म्हटलं की ‘माझ्याकडच्या वस्तूला चालेल का?’ हे विचारत नाही. सगळ्याला चालतं, तर माझ्याला का नाही चालणार? इतकं साधं गणित.

हे सगळं डोक्यात यायला निमित्त झालं लॅपटॉपच्या डॉकिंग स्टेशनचं. गेल्या चार-पाच वर्षांत सातारा, कराड, सांगली, मिरज इथल्या बऱ्याच ओळखीच्या लोकांनी मला हा एकच प्रश्न विचारलाय, "दोन मॉनिटर लावायचेत, कुठलं डॉक घेऊ?" (मी काही या धंद्यातला नव्हे. पण आपल्याकडे एखाद्याने स्वतःच्या टेबलावर चार वायरी धड जोडून दाखवल्या, की तो आळीतला तज्ज्ञ ठरतो!)

ज्यांचा या वस्तूशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डॉक म्हणजे टेबलावर ठेवायची एक डबी. तिच्या मागे दोन मॉनिटर, कीबोर्ड, माउस, इंटरनेटची वायर हे सगळं कायमचं जोडून ठेवायचं. बाहेरून आलं की लॅपटॉपला एकच वायर खोचायची. त्याच वायरीतून लॅपटॉप चार्जही होतो. उठताना तीच एक वायर काढायची, लॅपटॉप पिशवीत टाकायचा, चालू लागायचं. कल्पना उत्तम आहे, माझं तिच्याशी काही भांडण नाही. भांडण आहे ते डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या ‘युनिव्हर्सल’ या शब्दाशी.

कुणी म्हणेल, एवढ्याशा डबीवरून एवढं काय! पण आपल्या भागात हा प्रश्न चैनीचा राहिलेला नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईची पोरं लॅपटॉप घेऊन गावाकडे आली. पुढे बरीचशी परत गेली, पण काहींनी निम्मं ऑफिस, निम्मं घर असा मार्ग काढला. माझा भाचा त्यांतलाच. घर साताऱ्याला, कंपनी पुण्याची. आठवड्यातले दोन दिवस तिकडे जातो, तीन दिवस घरून काम करतो. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून घरात एक तरणा माणूस असणं गरजेचं झालंय, त्यामुळे हे तीन दिवस त्याच्यासाठी फार मोलाचे आहेत. आणि ते टिकतात एकाच अटीवर : ऑफिसात होतं तेवढंच काम घरून झालं पाहिजे. ऑफिसात त्याच्या टेबलावर दोन पडदे आहेत. घरी कंपनीने दिलाय फक्त लॅपटॉप. बाकीचं टेबल ज्याचं त्याने, स्वतःच्या खिशातून मांडायचं.

त्याने पुण्यातल्या एका दुकानातून डॉक घेतलं. दुकानदाराने सांगितलं, "युनिव्हर्सल आहे, सगळ्याला चालतं, साहेब!" घरी आणून जोडलं. लॅपटॉप चार्ज व्हायला लागला, कीबोर्ड-माउस चालू, इंटरनेट चालू. दोन्ही मॉनिटर मात्र काळे ठिक्कर. "मामा, सगळं चालतंय, पण ज्याच्यासाठी घेतलं तेवढंच चालंना!" असा त्याचा फोन. दोन दिवसांनी उलगडा झाला. त्या डॉकला चित्र दाखवण्यासाठी लॅपटॉपमध्ये एक सॉफ्टवेअर घालावं लागतं, आणि कंपनीच्या लॅपटॉपमध्ये बाहेरचं कुठलंही सॉफ्टवेअर घालायला बंदी. दुकानदार परत घेईना, कारण वस्तूत दोष नाही. आणि खरंच नव्हता. डॉक ठणठणीत, लॅपटॉप ठणठणीत, मॉनिटर ठणठणीत!

साधारण त्याच सुमारास सांगलीत, पुस्तकांची मांडणी करून देणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका बाईंचं वेगळंच दुखणं. त्यांच्याकडे २०२० साली आलेला, एम१ चिपचा मॅकबुक एअर. त्यांनीही ‘युनिव्हर्सल’ डॉक आणलं, तेही दुसऱ्याच बनावटीचं. दोन्ही मॉनिटर लागले, पण दोन्हींवर एकच चित्र. एका पडद्यावर हस्तलिखित आणि दुसऱ्यावर पान, असं त्यांना हवं होतं. मिळालं काय, तर तेच पान दोनदा.

शेवटी मी दोघांची गाठ घालून दिली. साताऱ्याचं डॉक एसटीने सांगलीला आलं, सांगलीचं साताऱ्याला गेलं. दोन्हीकडे दोन-दोन पडदे सुरू! म्हणजे बघा, दोन्ही डबे युनिव्हर्सल, दोन्ही निर्दोष, आणि दोन्ही चुकीच्या घरी. हे नशिबाने जुळलं. अशी अदलाबदल करायला दरवेळी कुठे कुणी भेटणार?

असं का होतं, हे समजून घ्यायला सांगलीकरांना लांब जायला नको. मिरज जंक्शन पुरेसं आहे.

मिरजेत एके काळी रेल्वेच्या तिन्ही मापांचे रूळ येऊन मिळत. पुणे-मिरज मार्ग आधी मीटरगेज होता, १९७१ मध्ये तो ब्रॉडगेज झाला. बेळगाव-हुबळीकडचा मार्ग त्यानंतरही दोनेक दशकं मीटरगेजच राहिला. आणि पंढरपूर-कुर्डूवाडीहून येणारी बार्शी लाइट रेल्वे, जी १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचली होती, ती नॅरोगेज. १६७६, १००० आणि ७६२ मिलिमीटर, अशी तीन मापं एका गावात. पुण्याकडून येऊन बेळगावकडे जाणारा प्रवासी मिरजेला उतरायचा, हमालाच्या डोक्यावर ट्रंक द्यायचा आणि दुसऱ्या गाडीत बसायचा. मालाचंही तेच. इकडच्या वाघिणीतून उतरवा, तिकडच्या वाघिणीत चढवा.

लॅपटॉपच्या बाबतीतही पूर्वी असेच अनेक गेज होते. प्रत्येक कंपनीचं डॉक निराळं, लॅपटॉपच्या बुडाला खटकन बसणारं, आणि त्या कंपनीच्या त्या मालिकेपलीकडे निरुपयोगी. २०१४ मध्ये यूएसबी-सी ही खाच ठरली आणि हळूहळू सगळ्यांनी ती स्वीकारली. लंबगोल, उलटसुलट कशीही बसणारी. म्हणजे गेज एक झाला. इथपर्यंत ‘युनिव्हर्सल’ हा शब्द खराच आहे.

पण रूळ एक झाले म्हणून प्रत्येक स्टेशनातून प्रत्येक गाडी सुटते असं नाही ना! खाच तीच असली तरी तिच्यातून चित्र बाहेर पडतं का, किती पडतं आणि कसं पडतं, हे लॅपटॉप बनवणाऱ्याने आत काय जोडलंय त्यावर अवलंबून आहे. ढोबळमानाने चार तऱ्हा आहेत.

पहिली, खाचेतून फक्त चार्जिंग आणि माहितीची ने-आण होते, चित्र येतच नाही. बऱ्याच स्वस्त लॅपटॉपमध्ये असं असतं. दुसरी, लॅपटॉपची चित्र काढणारी चिप त्याच वायरीतून थेट मॉनिटरचा सिग्नल पाठवते. याला डिस्प्लेपोर्ट अल्टरनेट मोड म्हणतात. ही थेट गाडी, मधे उतरायचं काम नाही. मात्र एका सिग्नलमधून दोन मॉनिटरना वेगवेगळं चित्र द्यायचं, तर जंक्शनवर अर्धे डबे इकडे आणि अर्धे तिकडे जोडावे लागतात. या पद्धतीचं नाव एमएसटी. विंडोजला ते जमतं, ॲपलच्या मॅकला जमत नाही. म्हणून सांगलीच्या बाईंना दोन्ही पडद्यांवर एकच पान दिसत होतं. शिवाय एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरची मुळात एकच बाहेरचा मॉनिटर चालवण्याची तयारी आहे. एम३ मध्ये दोन आले, पण लॅपटॉपचं झाकण मिटून. झाकण उघडं ठेवून दोन, हे २०२५ च्या एम४ पासून.

तिसरी तऱ्हा थंडरबोल्टची. खाच तीच, पण आतला रस्ता रुंद, सेकंदाला ४० गिगाबिटचा. थंडरबोल्ट ४ चा शिक्का असेल तर दोन फोरके मॉनिटर चालवता आलेच पाहिजेत अशी अटच आहे. अर्थात तो शिक्का लॅपटॉपवर हवा आणि डॉकवरही हवा. एका बाजूला असून उपयोग नाही. आणि किमतीला हे डॉक साध्या डबीच्या कित्येक पट.

चौथी तऱ्हा डिस्प्लेलिंकची. हा आपला मिरजेचा हमाल! लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर पडद्यावरचं चित्र दाबून गाठोडं बांधतं, साध्या माहितीसारखं वायरीतून पाठवतं, आणि डॉकमधली चिप ते गाठोडं सोडून मॉनिटरवर मांडते. चित्र पाठवायची सोय नसलेल्या लॅपटॉपलाही हे चालतं, एम१ मॅकलाही चालतं. ‘युनिव्हर्सल’ या नावाच्या सगळ्यांत जवळ जाणारा प्रकार हाच. पण हमाली द्यावी लागते. लॅपटॉपच्या मुख्य प्रोसेसरवर थोडा भार पडतो, वेगवान खेळ किंवा व्हिडिओच्या कामाला तो बरा नाही, मॅकवर काही चित्रपटांच्या सेवा पडदा काळा करून टाकतात. आणि सॉफ्टवेअर घालायची परवानगी लागते, जी माझ्या भाच्याला नव्हती.

यात आणखी एक आकडेमोड आहे, आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. फुल एचडी मॉनिटरवर साधारण २०.७ लाख ठिपके असतात, फोरके मॉनिटरवर त्याच्या बरोबर चौपट. सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचं, तर फुल एचडीला साधारण सव्वातीन ते साडेतीन गिगाबिट लागतात आणि फोरकेला त्याच्या जवळपास चौपट. डिस्प्लेपोर्ट १.२ या जुन्या पण अजून भरपूर वापरात असलेल्या पद्धतीत चित्रासाठी चार पदरी रस्ता असतो, एकूण १७.२८ गिगाबिटचा. पण डॉकला त्याच वायरीतून वेगवान यूएसबीही न्यायची असते, म्हणून बहुतेक साध्या डब्या त्यातले दोनच पदर चित्राला देतात. म्हणजे राहिले ८.६४. यात दोन फुल एचडी आरामात बसतात. एक फोरके मात्र ६० च्या वेगाने बसत नाही, तो ३० वर उतरतो. मग माउसचा बाण पडद्यावर चिखलातून चालल्यासारखा चालतो आणि लोक मॉनिटरला शिव्या घालतात. डब्यावर ‘फोरके’ लिहिलेलं असतं ते खोटं नसतं. शेजारी बारीक अक्षरात ३० लिहिलेलं असतं, एवढंच.

आता आपल्याकडची एक गोष्ट, जी परदेशी तज्ज्ञांच्या सल्ल्यात सापडत नाही. ती म्हणजे वीज. कोयना धरण आमच्या सातारा जिल्ह्यात, पण वळवाचा पाऊस सुरू झाला की लाइट जाणार ते जाणारच. नुसता लॅपटॉप असतो तेव्हा त्याची बॅटरी आपल्याला सांभाळून घेते, मीटिंगमधल्या समोरच्याला कळतसुद्धा नाही. मोठं डॉक लावलं की ते स्वतःच्या अडॅप्टरवर चालतं. लाइट गेली की दोन्ही पडदे जातात आणि इंटरनेटची वायर डॉकमधून घेतली असेल तर मीटिंगही जाते. म्हणजे पैसे खर्च करून आपण लॅपटॉपचा पुन्हा जुना डेस्कटॉप केला! तेव्हा डॉक, मॉनिटर आणि राउटर हे तिन्ही इन्व्हर्टरच्या किंवा यूपीएसच्या वायरीवर घेणं हा डॉकच्या खर्चाचाच भाग धरावा.

एका वायरीचा फायदाही मात्र आपल्याकडचाच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. नदीकाठच्या गल्ल्यांत ज्यांनी घरातली चीजवस्तू माडीवर चढवलीय त्यांना विचारा, दहा वायरी सोडवत बसणं आणि एक वायर ओढून निघणं यात काय फरक असतो ते.

तर माझं मत असं, की ‘कुठलं डॉक घेऊ?’ हा प्रश्नच मुळात शेवटचा आहे, आपण तो पहिला विचारतो. पहिला प्रश्न : माझ्या लॅपटॉपच्या खाचेतून चित्र येतं का? खाचेशेजारी विजेची खूण आणि ३ किंवा ४ असा आकडा असेल तर बहुधा थंडरबोल्ट, इंग्रजी ‘डी’ आणि ‘पी’ गुंफलेली खूण असेल तर डिस्प्लेपोर्ट, काहीच नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं पान उघडून बघायचं. दुसरा : लॅपटॉप विंडोजचा की मॅक, आणि मॅक असेल तर चिप कुठली? तिसरा : मॉनिटर फुल एचडी की फोरके? चौथा : लॅपटॉप माझा की कंपनीचा, आणि त्यात सॉफ्टवेअर घालता येतं का? पाचवा : लॅपटॉपला किती वॅट लागतात? (डॉकवर १०० लिहिलेलं असलं तरी त्यातले काही ते स्वतःसाठी ठेवून घेतं.) या पाचांची उत्तरं कागदावर लिहिली की डॉक जवळजवळ आपोआप ठरतं.

आणि पुष्कळदा तर डॉक लागतच नाही! लॅपटॉपला एक एचडीएमआय खाच आणि चित्र देणारी एक यूएसबी-सी खाच असेल, तर दोन साध्या केबलींत दोन मॉनिटर लागतात. सकाळ-संध्याकाळ दोन वायरी जास्त खोचायच्या, इतकाच त्रास. आठवड्यातून दोनदाच लॅपटॉप उचलणाऱ्याने त्यासाठी हजारो रुपये का घालावेत? सातारा-सांगलीत आपला लॅपटॉप नेऊन डॉक लावून बघता येईल असं दुकान मला तरी अजून सापडलेलं नाही. पुणं साताऱ्याहून सव्वाशेच्या आत, पण सांगलीहून सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. चुकीची वस्तू परत करायला जायचं तर एक दिवसाची रजा गेली. म्हणून इथे राहणाऱ्याने आधी विचार करणं जास्त गरजेचं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. डॉक बनवणारे म्हणतात, "लॅपटॉपच्या आत काय आहे ते आम्हाला कसं कळणार? खाच तर सगळ्यांची सारखीच." यात तथ्य आहे. खाचेशेजारी खूण न छापणाऱ्या लॅपटॉप कंपन्याही तितक्याच जबाबदार. सरकारांनीही लक्ष घातलंय. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोनसाठी आणि २८ एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपसाठी यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचं ठरवलं, आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही टाइप-सी चं मानक प्रसिद्ध केलंय. पण हे सगळं चालू आहे चार्जिंगसाठी. चित्राचा प्रश्न त्यात सुटत नाही.

आपल्याकडे २०११ च्या वजनमाप नियमांमुळे बंद डब्यावर एमआरपी, आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष छापावं लागतं. तिथेच आणखी दोन ओळी छापायला काय हरकत आहे? ‘चित्र दाखवण्यासाठी सॉफ्टवेअर लागते / लागत नाही.’ ‘मॅकवर दोन वेगळे पडदे चालतात / चालत नाहीत.’ एवढ्या दोन ओळी असत्या तर साताऱ्याचं डॉक साताऱ्याला आलंच नसतं.

जाता जाता पुन्हा एकदा मिरज. बार्शी लाइटची ती नॅरोगेज या शतकात टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. म्हणूनच एप्रिल २०१६ मध्ये, लातूर तहानेने व्याकूळ झालं होतं तेव्हा, मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे मधे कुठेही गाडी न बदलता थेट लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. रूळ एक झाल्याचा एवढा मोठा फायदा आपण डोळ्यांनी पाहिलाय, तेव्हा एका खाचेचं महत्त्व मी तरी कमी लेखणार नाही. पण त्या गाडीची तयारी करणाऱ्यांनी आधी मिरजेत पाणी किती आहे, ते वाघिणीत कसं भरायचं आणि लातूरला कुठे उतरवायचं, हे पाहिलं होतं. रूळ जुळतात एवढ्यावर गाडी सोडली नव्हती.

डॉक घेतानाही इतकंच करायचं आहे. दुकानदार ‘सगळ्याला चालतं’ म्हणाला, की शांतपणे पिशवीतला लॅपटॉप काढायचा आणि म्हणायचं, "याला लावून दाखवा."